दोघांच्या हातातलं मत

संध्याकाळचे सात वाजले होते. अर्ध्या तासात मतदान संपणार. ओहायोतल्या एका खेड्याच्या बंबखान्यात मांडलेल्या मतदान केंद्रावर यादीतल्या अकराशे नावांपैकी पाचशे माणसंही फिरकली नव्हती. आली ती एकमेकांची तोंडं चुकवत आली. उरलेली घरी बसून टीव्हीला शिव्या घालत होती. शिव्या द्यायला रांगेत उभं राहावं लागत नाही.

बाहेर हॉर्न वाजला. ज्याला चालवत नाही त्याची मतपत्रिका गाडीपाशी न्यायची, आणि तीही केंद्रावरच्या दोघा कर्मचाऱ्यांनी मिळून: एक डेमोक्रॅट, एक रिपब्लिकन. केंद्रावर डेमोक्रॅट म्हणून आता एकटी ऑड्री ट्रॅस्क उरली होती. दुसरी बाई दुपारीच तापाने घरी गेलेली. रिपब्लिकनांतर्फे रस हॉफमन तिच्याबरोबर निघाला.

पिकअपमध्ये डेल बसला होता. ऑड्रीचा धाकटा भाऊ. खुब्याच्या ऑपरेशनला दहा दिवस झालेले, आणि बहिणीशी अबोल्याला चार वर्षं. गेल्या निवडणुकीत त्याने तिच्या अंगणातली प्रचाराची पाटी उपटून नाल्यात फेकली होती. तिने पोलीस बोलावले होते.

"रस, ही कशाला आलीय?"

"नियम आहे."

"हिच्या हातचं मला नको. माझं मत वाटेत खाईल ही."

"वाट चाळीस पावलांची आहे, गाढवा. आणि मी काय मेलोय?"

"दुसरं कुणी पाठव."

"दुसरं कुणी नाही. ती नाही, तर तुझं मत नाही."

"मग राहू दे." डेलने गाडी सुरू केली.

ऑड्रीला काहीच करायची गरज नव्हती. गप्प उभं राहायचं, समोरच्यांचं एक मत आपोआप कमी. तिला ते हवंही होतं, खोटं कशाला बोला. पण ती जाऊन गाडीच्या पुढ्यात उभी राहिली.

"बंद कर गाडी. तुझं मत खायचं असतं तर तुला जाऊ दिलं नसतं का? तू तर स्वतःच निघाला होतास."

डेलने गाडी बंद केली. ऑड्रीने खिडकीशी येऊन मतपत्रिका आणि पाकीट पुढे केलं.

"कुणाला देणार ते ठाऊक आहे मला. शिसारी येते. तरी घे."

"घे रे बाबा," रस म्हणाला, "पाय गारठले माझे."

डेलने कागद घेतला. स्टिअरिंगवर ठेवून, हाताचा आडोसा करून खुणा केल्या आणि पाकीट स्वतः चिकटवलं.

"दोघांनी धरून न्या. मी बघतोय."

एकेक टोक धरून दोघं चाळीस पावलं चालले. रस्त्यावरच्या एका गाडीतून कुणीतरी हसलं. आत दोघांनी मिळून पाकीट फोडलं, खुणा दिसू नयेत म्हणून कागद उलटाच धरून यंत्रात सरकवला. आकडा एकने वाढला.

ऑड्री परत गाडीपाशी गेली. "पडलं."

"तुझ्याविरुद्धच दिलंय."

"माहितेय. घरी जा, पाय वर घेऊन झोप."

काच वर गेली, पिकअप निघून गेली. ऑड्रीने आत येऊन नोंदवहीत सही केली आणि पेन रसपुढे सरकवलं.