दोघांच्या मापाचा कॉम्प्रेसर

सिलिंडरवाल्या काकांनी ऑक्सिजन भरायचा धंदा बायकोच्या जोडीनं केला होता. तिच्याशिवाय तो कसा करायचा, याचा विचार त्यांनी मुद्दामच टाळला होता. पण ती गेली आणि पाठोपाठ जुन्या कॉम्प्रेसरनंही मान टाकली. वेल्डिंगवाले, दवाखानेवाले रोज फोन करू लागले, तेव्हा लेकीनं त्यांना जवळजवळ ओढतच कॉम्प्रेसरवाल्याच्या शेडमध्ये नेलं.

"तेलाचा नको," काका दारातूनच म्हणाले. "ऑक्सिजनला तेल चालत नाही. दाबाखाली थेंब लागला तरी पेट घेतो."

"काका, तुम्हाला मी तेलाचा दाखवीन का? मला काय धंदा बंद करायचाय?"

ही तेलाची धास्ती काकांच्या घरात पार मुरलेली होती. कामाच्या दिवशी बायको केसांना तेल लावत नसे, आणि काकांचे हात हुंगल्याशिवाय त्यांना गॅस भरायच्या शेडमध्ये पाऊल टाकू देत नसे. शेवटच्या आजारात हॉस्पिटलातल्या नर्सनं मायेनं तिच्या केसांना तेल लावून वेणी घातली. काका भेटायला गेले तर ही म्हणते, "घ्या, तेल लावलं मला! आता काही तुम्ही शेडमध्ये घेत नाही." काका तिच्यासमोर हसले. मग बाहेर येऊन कितीतरी वेळ भिंतीला टेकून उभे राहिले.

कॉम्प्रेसरवाल्यानं दोन यंत्रं दाखवली. दोन्ही बिनतेलाची. एक मोठं, जुन्याच्याच ताकदीचं. दुसरं लहान, निम्म्या वेगानं भरणारं.

"मोठं द्या."

"भरायच्या रॅकवर माणसं किती असतात?"

"दोन."

"बाबा," लेक हळूच म्हणाली.

"पहिल्यापासून दोघंच आहोत आम्ही," काका बोलतच राहिले. "सिलिंडरच्या दोन रांगा. एक भरत असते तोवर मी दुसरीतले भरलेले उतरवतो, रिकामे चढवतो. ती, आमची मॅनेजरीणबाई, पलीकडच्या टोकाला दाबाच्या काट्यापाशी. रांग भरली की हँडल पलटवते, गॅस दुसऱ्या रांगेत. हँडल तिच्या हाताला येत नव्हतं. म्हणाली, रोज टाचा उंचावून मी काही उंच होणार नाही. मग खाली घेतलं. मला फिरवायचं तर जरा वाकावं लागतं."

कॉम्प्रेसरवाल्याला काकू गेल्याची बातमी कळलेली होती. तो लेकीकडे बघून घुटमळला. "मग काका, काट्यापाशी एखादा माणूस ठेवा."

"तिच्या स्टुलावर?" काकांनी विचारलं.

मग लेकच म्हणाली, "बाबा, लहान घेऊ. हळू भरेल, तुम्हाला एकट्याला दोन्हीकडे बघता येईल."

"एकट्याला, एकट्याला! म्हातारा झालो का मी? लावा ते मोठं. भरून दाखवतो."

शेडमधल्याच दोन रांगांच्या रॅकवर चाचणीला साधी हवाच भरायची होती. यंत्र सुरू झालं आणि तो ओळखीचा ठोका कानावर पडताच काकांच्या हातापायांत जोर आला. पहिली रांग भरत होती. ते दुसरीत सिलिंडर चढवू लागले. एक बुडाच्या कडेवर कलता करून गोल फिरवत आणला, नळी जोडली, पान्यानं आवळली. दुसरा आणला. काट्याकडे पाठ होती. पाठ तिकडे कायम असायचीच. यंत्राचा आवाज जड झाला, रांग भरल्याचं पाठीलाच कळलं, आणि पान्यावरची नजर न काढता त्यांनी हाक मारली, "मॅनेजरीणबाई, पलटवा!"

कोणी पलटवलं नाही.

सेफ्टी व्हॉल्व्ह उडाला. हवा अशी किंचाळत सुटली, की लेकीनं कान झाकले. कॉम्प्रेसरवाल्यानं धावत जाऊन यंत्र बंद केलं. "काही नाही, काही नाही, जास्तीची हवा गेली," तो सगळ्यांनाच सांगत राहिला.

काका मात्र पाना हातात धरून पलीकडच्या टोकाकडे बघत उभे होते. लेक जवळ आली. तिनं पाना काढून घेतला.

"तिचं एकदाही चुकलं नाही गं," ते म्हणाले. "ताप असायचा, तरी नाही."

"हो बाबा."

त्यांनी पँटला हात पुसले. "लहानच द्या," ते कॉम्प्रेसरवाल्याला म्हणाले. "आणि काटा माझ्या बाजूला घ्या. मान वळवली की दिसला पाहिजे."

"घेतो. हँडल किती उंचीवर लावू?"

काकांनी हात पुढे केला. तो आपसूक खालीच गेला, तिचा खांदा यायचा तिथे, आणि तिथेच थांबला. कॉम्प्रेसरवाला टेप उघडून उभा होता. त्यानं घाई केली नाही.

"नाही," काका म्हणाले, आणि हात वर घेतला. "माझ्या उंचीचं लावा."