पूंजणी आणि गुरूपलीकडचा धूमकेतू

मी एक जुनी दुर्बीण आहे, मित्रांनो. पण म्हातारी म्हणाल तर राग येईल. माझी नजर अजून लख्ख आहे.

धुळ्याच्या सुरेशचंदभाऊंनी कापडाचं दुकान सांभाळून माझा आरसा हाताने घासला. कौतिक सुताराने सागवानी नळी केली. शनीची कडी पाहून गल्लीने मला डोक्यावर घेतलं, मग नवलाई सरली. मी गच्चीच्या कोपऱ्यात पडले. भाऊ तेवढे रोज वर यायचे. जैनांचं घर, जेवण दिवस मावळायच्या आतच उरकलेलं.

१९७४ च्या हिवाळ्यात ते गुरूपलीकडे फिरणारा एक धूमकेतू शोधत होते. सूर्यापासून इतका लांब, गारठलेला. तो नुसता टिंब दिसणार, असं त्यांनी धरलं होतं. एका रात्री दिसला तो मात्र धुरकट पुंजका.

नेमक्या त्याच दुपारी त्यांच्या पत्नीने, जतनबाईंनी, माझ्या नळीतल्या मुंग्या पूंजणीने काढल्या होत्या. जीव मरू नये म्हणून जैन घरांत तो मऊ लोकरी कुंचला असतो. भाऊ चिडले, "तुझ्या पूंजणीने आरसा बिघडवला. उद्या पुन्हा घासायला काढतो."

पुन्हा घासायचं म्हणजे माझी नजरच पुसायची. जतनबाई पूंजणी उचलून खाली गेल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असतं तर चांगलं सुनावलं असतं.

दुसऱ्या दिवशी चांगला अंधार पडल्यावर कौतिक पाना घेऊन आला. "भाऊ, खोलू का?"

भाऊंनी शेवटचं म्हणून डोळा लावला आणि तसेच राहिले.

"थांब. कालचा पुंजका ताऱ्यांमधून पुढे सरकलाय. आणि शेजारचे तारे तर टाचणीच्या टोकासारखे आहेत. आरसा बिघडला असता तर तेही धुरकट दिसले असते. अरे, तिकडे एवढ्या थंडीत धूमकेतूच वायू आणि धूळ उधळतोय!"

"मंग बठ्ठं बराबर शे," सगळं ठीकच आहे, असं आपल्या अहिराणीत म्हणत कौतिकने पाना खिशात घातला. हुश्श! माझा जीव भांड्यात पडला.

भाऊंनी जतनबाईंना वर बोलावलं. "आधी तू बघ. माझं चुकलं."

त्यांनी निवांत पाहून घेतलं. "एवढ्या लांबचं दिसतं तुम्हाला," त्या म्हणाल्या, "मी तर शेजारीच उभी होते." पण आवाजातला रुसवा गेला होता. मलाही बरं वाटलं.

मित्रांनो, माझ्यासारखीची काच जपा, धूळ बसू देऊ नका. आणि काही वेगळं दिसलं, तर घरच्या माणसावर आळ घेण्याआधी पुन्हा एकदा डोळा लावा. भाऊंनी तो लावला नसता, तर आज हे सांगायला मी नसते.