पाच खिडक्यांची एक काच

मित्रांनो, एकोणीसशे एकोणऐंशी साली मी अंतराळात गेले. त्याआधी लाँड्रीत होते. मी एक जुनी काच आहे. कपडे धुण्याच्या थोरल्या यंत्राच्या दाराची, गोल, जाड आणि कढईसारखी खोलगट. कारखान्यातून निघताना तपासनिसाने मला बोटाच्या पेराने वाजवून पाहिलं आणि म्हणाला, "खणखणीत आहे." आयुष्यातली ती पहिली शाबासकी. पुढे कित्येक वर्षं हॉटेलांच्या चादरी माझ्याआड गरगर फिरल्या. यंत्र मोडीत निघालं, तेव्हा एका सुताराने मला भंगारातून उचललं. त्याला सगळे सुतारकाका म्हणत. एका रिकाम्या गोदामात तो चित्रपटासाठी अंतराळयान बांधत होता.

चित्रपटाची गोष्ट सरळ होती. एक बाई यानाची कप्तान होऊन दूरच्या ताऱ्याकडे जाते, वाटेत एकटी पडते, हाल सोसते आणि शेवटी घरी येते. घरी येते! हे मी आत्ताच ठासून सांगते, कारण पुढचं सगळं महाभारत त्यावरूनच झालं.

यानाला खिडक्या पाच आणि काच मी एकटी. कॅमेरा ज्या खिडकीकडे बघणार, तिच्यात काका मला बसवायचे. बाकीच्या भोकांवर काळा पुठ्ठा. स्क्रू काढा, उचला, पुसा, पुन्हा बसवा. एकदा घाईत त्यांची पक्कड माझ्यावर पडली आणि काठाला नखाएवढी चीर गेली. मग मला बसवताना ती कधी वर यायची, कधी खाली. "कोण बघतंय एवढं!" असं म्हणून काका पुढच्या खिडकीकडे वळायचे. शेवटी कप्तानाच्या घराचं दार केलं, त्यातही त्यांनी मलाच बसवलं.

कप्तान झाली होती नाटकांत काम करणारी एक बाई, आणि तिचे कपडे शिवत होती तिची सख्खी थोरली बहीण. तिला सगळं गोदाम ताई म्हणायचं. तंबूच्या जाड कापडाच्या त्या पोशाखात धाकटी घामाने निथळायची.

"ताई, यात श्वास घेता येत नाही गं."

"अंतराळात हवाच नसते म्हणे. मग श्वास घेऊन करणार काय? सरळ उभी राहा, टाचणी लागेल."

शेवटच्या प्रसंगात कप्तान घराचं दार ठोठावते आणि तिची बहीण दार उघडते. त्या बहिणीच्या तोंडी दिग्दर्शकांनी भलंमोठं भाषण लिहिलं होतं; त्यात तारे होते, काळ होता, अखिल मानवजात होती. ठरलेली नटी रुसून निघून गेली, तेव्हा ऐन वेळी ताईला उभं केलं. ताईने सकाळीच गुडघ्यांवर बसून ती फरशी पुसली होती, कारण कापड बेतायला तिला दुसरी जागाच नव्हती. तिने दार उघडलं. समोर धाकटी, पायांत चिखलाने भरलेले बूट. ताई भाषण विसरली.

"बूट बाहेर काढ. फरशी आत्ताच पुसलीय."

धाकटीला हसू फुटलं, हसता हसता रडू आलं, आणि ती उंबऱ्यावर बसून बंद सोडायला लागली. बंद सुटेनात, म्हणून ताईही खाली बसली. फिल्म तेवढीच उरली होती. दिग्दर्शक डोळे पुसून म्हणाले, "झालं. हेच ठेवायचं."

चित्रपट काही चालला नाही. मी गोदामात रंगाच्या डब्यांखाली पडून राहिले. पालींनी माझ्यावर संसार केले. त्याचा मला राग नाही. राग पुढचा आहे.

बऱ्याच वर्षांनी नव्या पिढीला तो चित्रपट सापडला. त्यांनी मला शोधून काढलं, धुतलं आणि एका चित्रपटगृहाच्या दालनात मांडलं. काचेला काचेच्या पेटीत! मी हरखून गेले. पण ही मंडळी चित्रपट बघत नव्हती, थांबवून थांबवून तपासत होती. त्यांना माझी चीर दिसली. प्रत्येक खिडकीत तीच चीर! मग काय, तर्कांना ऊत आला. कुणी म्हणे, यान नव्हतंच, ती वेड्यांच्या इस्पितळातली खोली होती. कुणी म्हणे, चीर फिरते म्हणजे काळ उलटा वाहतो. सगळ्यांत पुढे एक दाढीवाला. तो म्हणे, कप्तान मध्यंतराआधीच मेली. घराच्या दारातही तीच चीर आहे, म्हणजे ते घर तिला मरताना दिसलेला भास. आणि फरशी पुसणं म्हणजे आठवणी पुसणं. एवढ्या वर्षांनी परतलेल्या माणसाशी कुणी असं बोलतं का?

कुणी असं बोलतं का! अरे, कुणाची वाट पाहिली आहे का कधी तुम्ही?

सुतारकाका काठी टेकत आले आणि म्हणाले, "अहो, काच एकच होती. ती चीर माझ्या पकडीने गेली."

"काका, ते तुमच्या नकळत घडलं," दाढीवाला प्रेमाने म्हणाला. "कलाकृती कर्त्यापेक्षा मोठी असते."

"माझ्या नकळत? अंगठा ठेचला होता माझा!"

सगळे हसले, आणि पुन्हा चीर मोजायला लागले.

दिग्दर्शक तोवर वारले होते. चित्रपट त्यांच्या मुलाकडे होता. एका दुपारी माझ्याच पेटीजवळ उभं राहून त्याने जाहीर केलं, की नव्या आवृत्तीत दाराचा प्रसंग नसेल. चित्रपट चिरेवरच संपेल. टाळ्या पडल्या. मी पेटीत नुसती जळत होते. काचेला तोंड असतं तर!

तेवढ्यात गर्दीतून ताई पुढे आली. केस पांढरे, हात भाचीच्या, धाकटीच्या मुलीच्या, खांद्यावर.

"ती मेली, असंच ना तुमचं म्हणणं?"

दाढीवाला गडबडला. "मावशी, अगदी तसं नाही. म्हणजे, प्रतीक म्हणून."

"प्रतीक कसलं? माझी बहीण खरंच गेली. मी उशाशी होते तिच्या. आम्हां दोघींचं एकत्र असं हलतं-बोलतं चित्र दुसरं कुठे नाही. तेवढं एक दार आहे, तिथे ती माझ्याकडे येते." मग ती मुलाकडे वळली. "ते तू कापणार?"

"मावशी, लोकांना हाच शेवट हवाय."

"लोकांना हवं म्हणून घरी आलेल्या माणसाला बाहेर ठेवायचं? तुझ्या बापाने नाही ठेवलं रे."

मुलाने माझ्या पेटीवर हात टेकला. मग म्हणाला, "नाही कापत."

दाढीवाल्याने तोंड उघडलं. त्याच्यामागे उभ्या सुतारकाकांनी काठी आपटली. त्याने तोंड मिटलं.

मित्रांनो, तर्क खुशाल लढवा. डोकं त्यासाठीच आहे, आणि माझ्या चिरेकडे कुणी निरखून बघितलं तर मलाही मनातून बरं वाटतं. पण आपला तर्क खरा ठरावा म्हणून दुसऱ्याच्या जिव्हाळ्याला कात्री लावू नका.

सुतारकाका पुढच्या हिवाळ्यात गेले. मुलाने चित्रपट आहे तसाच ठेवला. तो फारसा चालत नाही, पण वर्षातून एकदा इथे दाखवतात. रुसलेली नटी म्हणे आता सांगत फिरते, की ते वाक्य तिलाच सुचलं होतं. दाढीवाला सुधारला नाही. दाराशी उभी असलेली बहीणही मेलेलीच आहे, असं त्याने आता सिद्ध केलं आहे. ताई मात्र दर वर्षी येते आणि त्याच्याच शेजारी बसते. त्याला खाऊही देते.

आता तिला दिसत नाही. माझी पेटी प्रेक्षागृहाच्या दाराशी आहे, म्हणून मला ऐकू येतं. शेवटची ठोठावणी वाजली, की ती अंधारात मोठ्याने विचारते, "आली का गं?"

आणि भाची म्हणते, "आली, मावशी."