चिंचोक्याची चकती

मी चिंचोक्यांपासून झालेली एक चकती बोलतेय. पापडासारखी पातळ, वाकवलं तर वाकणारी. तुमच्या बॅटरीत दोन टोकांच्या मध्ये बहुतेक वेळा एक द्रव असतो. त्यातून विद्युतभार असलेले कण ये-जा करतात, म्हणून वीज मिळते. तो द्रव कधी गळतो, कधी पेटही घेतो. त्याच्या जागी मला बसवायचं, असं सत्यशीलाबाईंनी ठरवलं.

बाई पुण्यात धायरीला राहतात. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या आणि साठीत पीएचडीला बसल्या. त्यांची मार्गदर्शक वल्लरी एकेकाळी त्यांचीच विद्यार्थिनी. त्यामुळे प्रयोगशाळेत दोघी एकमेकींना ‘मॅडम’ म्हणतात.

माझा जन्म सोपा नव्हता. चिंचोके भाजले, सोलले, दळले. पिठाची खळ शिजवून तिच्यात मॅग्नेशियमचा क्षार आणि मऊपणासाठी ग्लिसरीन घातलं, मग काचेच्या बशीत ओतलं. पण माझ्या आधीच्या साऱ्या बहिणी भट्टीत वाळता वाळता तडकल्या. बाईंचे यजमान रंगनाथराव वैतागले होते. “निवृत्तीनंतर कोकणात जायचं ठरलं होतं. आता या खळीतच पोहायचं का?”

सोमवारी पीएचडीचं काम तपासणारी समिती येणार होती. चालणारा सेल दाखवता आला नाही, तर बाईंना विषय सोडावा लागणार होता.

“मॅडम, बाजारातलं तयार पॉलिमर वापरूया,” वल्लरी म्हणाली. “वेळ उरलेला नाही.”

“मग ते बाजाराचं काम झालं, मॅडम. मला अजून एकदा करू द्या.”

या वेळी त्यांनी ग्लिसरीन वाढवलं आणि भट्टी टाळून मला घरी आणलं. बशी अर्धवट झाकून सावलीत ठेवली.

“अहो, पंखा लावू नका. भरभर वाळली तर तडकेल.”

“लावत नाही. घरात आता तिचंच चालतं,” रंगनाथराव म्हणाले, आणि ऐन एप्रिलात वर्तमानपत्राने वारा घेत बसून राहिले. मी सावकाश वाळले. मला एकही तडा गेला नाही.

सोमवारी आम्ही तिघं स्वारगेटच्या बसमध्ये बसलो. बशी रंगनाथरावांच्या मांडीवर. शेजारच्या सीटवरच्या एका आजींनी डोकावून विचारलं, “पापड का हो?”

“हो. विजेचे.”

प्रयोगशाळेत माझ्यातून दोन छोट्या चकत्या कापल्या, दोन सेलमध्ये बसवल्या आणि ते एका छोट्या लाल दिव्याला जोडले. काहीच झालं नाही. बाईंचा चेहरा उतरला. वल्लरीने सुटलेली तार नीट दाबून धरली, तसे माझ्यातून कण धावू लागले. गुदगुल्या व्हाव्यात तसं झालं मला. दिवा लागला.

समितीचे अध्यक्ष गंभीर गृहस्थ. ते वाकून म्हणाले, “पुन्हा दाखवा.” मग तार स्वतःच हातात घेतली आणि दिवा लावत, विझवत राहिले. प्रश्न विचारायचे असतात, हे त्यांच्या जरा उशिराच लक्षात आलं. विषय कायम राहिला. वल्लरीने सगळ्यांसमोर बाईंना मिठी मारली.

रंगनाथराव दाराच्या काचेतून पाहत होते. बाई बाहेर आल्या. “लागला हो दिवा.”

“दिसला. केवढासा तो,” ते म्हणाले. मग जरा बाजूला जाऊन त्यांनी कात्रजच्या बहिणीला फोन लावला. “अगं, सगळी खोली उजळली.”

त्यानंतर माझे सेल कितीतरी वेळा विजेने भरले, रिकामे केले. आता माझ्यातली धाव मंदावली आहे, म्हणून मला सेलमधून बाहेर काढलं आहे. पुढची परीक्षा मातीतली. मी वनस्पतीची, मातीत किती लवकर मिसळते, ते बाईंना बघायचं आहे. तेव्हा माझ्यासाठी कोणी चेहरा पाडू नका. दिवा लावून झाला, आता मातीत जायची मला फार उत्सुकता आहे.

आज सकाळी रंगनाथरावांनी गॅलरीत कुंडी भरली, माती हाताने मोकळी केली. मला अलगद मातीत ठेवलं आणि आत वळून विचारलं, “अगं, हिला ऊन चालतं का?”