आतल्या बाजूची गाठ

नऊ वाजता बाइंडिंगखान्याचं शटर वर गेलं आणि खळवालीने रोजच्यासारखी आधी खळ शिजत ठेवली. पुस्तकं बांधायच्या धंद्यात खळ म्हणजे घरातल्या सकाळच्या चहासारखी. ती झाल्याशिवाय कुणाचे हात हलत नाहीत. लांब टेबलाभोवती नऊ जणी बसल्या. मोठ्या कागदाला घड्या घालायच्या, सोळा पानांचा एक फर्मा करायचा, फर्म्यावर फर्मा ठेवून घडीतून सुईदोरा न्यायचा, की वहीची पाठ तयार. काम सोपं दिसतं. बायका जे काम करतात ते लांबून सोपंच दिसतं.

दहावी खुर्ची गाठबाईची. तिच्यावर आता दोऱ्याची रिळं ठेवलेली असत.

शेवटचा टाका झाला की बाकीच्या जणी गाठ मारून दोरा कापत. गाठबाई गाठ मारायची, मग सुई उलटी फिरवून ती गाठ घडीच्या पोटात ओढून घ्यायची. पाठीवरून बोट फिरवलं तर काही लागायचं नाही. "कोण बघणार आहे ते?" असं पहिल्या वर्षी तिला कुणीतरी विचारलं होतं. "बोटाला कळतं," ती म्हणाली, आणि पुढची एकतीस वर्षं तशीच गाठ मारत राहिली. ती गाठ दुसऱ्या कुणाला जमली नाही. खरं सांगायचं तर तेवढा वेळ कुणाला घालवायचा नव्हता.

सात महिन्यांपूर्वी तिचा नवरा येऊन सांगून गेला होता, की ती बहिणीकडे गेली आहे, लांब, हवापालटाला. तो शाळेत हेडक्लार्क होता. निवृत्त झाला तरी बोलताना प्रत्येक वाक्याखाली सही करतोय असं वाटायचं. त्यामुळे कुणी शंका घेतली नाही. आठवडाभर बायकांनी चौकशी केली. मग कामं आली, कुणाचं घर गळायला लागलं, कुणाच्या सुनेचं बाळंतपण निघालं, आणि चौकशी आपोआप बंद झाली.

त्या दिवशी आखीव नोंदवह्यांची खेप जायची होती. तपासणी चष्मेवालीकडे. तिला चष्म्यातूनही धड दिसत नव्हतं, म्हणून ती बोटांनी तपासायची, आणि तिच्या बोटांतून आजवर एक सैल टाका सुटलेला नव्हता. ढिगातल्या एका वहीवर तिचं बोट थांबलं. पुन्हा फिरलं. पुन्हा थांबलं.

"ही कुणी शिवली?"

बाकीच्यांच्या माना आपापल्या सुईवर वाकल्या.

"अगं, ओरडत नाहीये मी. कुणी शिवली एवढंच विचारतेय. गाठ लागत नाही हिची."

वही टेबलभर फिरली. प्रत्येकीने पाठीवरून बोट नेलं.

"जुनी राहिली असेल कपाटात," एक जण म्हणाली.

"जुनी कशी? ही तिरकी रेघ बघ. मागच्या सोमवारी आलेल्या कागदातच असं झालंय."

"मग काय, गाठबाई बहिणीकडे बसून शिवते आणि टपालाने पाठवते?"

एकटीच हसली ती. खळवालीने पातेल्याखालचा गॅस बंद केला. ती गाठबाईची या टेबलावरची सर्वांत जुनी मैत्रीण. दोघी एकाच आठवड्यात कामाला लागलेल्या.

"टपालाने नाही," ती म्हणाली. "तिची लेक घेऊन जाते. दर शनिवारी तुम्ही गेल्यावर मी तिला वाया गेलेले कागद देते. ती घरी शिवते, लेक परत आणते, मी रद्दीत टाकते. ही वही टाकवली नाही मला. इतकं सुंदर शिवलेलं कसं टाकायचं? रेघ थोडीच तिरकी होती. म्हटलं, जाईल खपून."

"घरी म्हणजे कुणाच्या घरी?" चष्मेवालीने विचारलं.

"तिच्याच."

"म्हणजे दोन गल्ल्या पलीकडे?"

"हो."

"आणि हे तुला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

चष्मेवालीने ती वही खळवालीच्या पुढ्यात ठेवली.

दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी गाठबाईला अल्झायमर असल्याचं सांगितलं. मेंदूचा आजार आहे, वेड नव्हे, असंही सांगितलं. माणसांत राहू द्या, हाताला सवयीचं काम असू द्या, म्हणाले. दवाखान्याच्या पायरीवरच गाठबाईने नवऱ्याचा हात धरला. "अहो, मला लपवू नका. घरात कोंडलंत तर मी लवकर संपेन." त्याने शब्द दिला. दुसऱ्या दिवशी तिने खळवालीला गाठलं. "मला येता आलं नाही तर तू मला न्यायला यायचं. मी नाही म्हटलं तरी." खळवालीनेही शब्द दिला. शब्द देताना दोघंही खरी होती, हेच वाईट. खोटं बोलणाऱ्याचा निदान राग तरी करता येतो.

नंतर चुका वाढल्या. फर्म्यांचा क्रम चुकू लागला. पुस्तकात सोळाव्या पानानंतर सत्त्याण्णवावं यायचं. खळवाली सगळे गेल्यावर मागे थांबायची, तिची शिवण उसवायची, पुन्हा शिवायची. असं वर्षभर. याच सुमारास लेकीचं लग्न ठरायच्या बेताला आलं, आणि हेडक्लार्कची थोरली बहीण मुक्कामाला आली. तिने सगळ्यांना समोर बसवून सांगितलं की हा आजार बाहेर कळला तर त्या घरातून होकार येणार नाही. "ह्या घरात डोक्याचं आहे, असं एकदा लोकांच्या तोंडी झालं की संपलं. सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे." हेडक्लार्क खळवालीकडे आला. तेवढं तोंड मिटून ठेवा, म्हणाला.

तिला वाईट वाटलं. आणि त्याच्या मागोमाग तिला हायसंही वाटलं. आता मागे थांबून उसवावं लागणार नव्हतं.

नऊ जणी एप्रन न सोडताच निघाल्या. खळवाली सगळ्यांत मागे. कुणी तिला चल म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही.

दार लेकीने उघडलं. ती कामावर निघायच्या बेतात होती. समोर एवढ्या बायका बघून ती बाजूला झाली. तिच्या आत्याने आतून विचारलं, "कोण आहे गं?"

"आईच्या कामावरचे लोक," लेक म्हणाली.

"कामावरचे कोण लोक? आई बहिणीकडे..." बोलत बोलत आत्या बाहेर आली आणि तिने वाक्य तिथेच सोडलं.

हेडक्लार्क खुर्चीतून उठला. "बसा ना. असं अचानक? ती झोपली असेल आत्ता."

"झोपेत बघू," चष्मेवाली म्हणाली. "मला तसंही कमीच दिसतं."

"तुम्ही समजून घ्या. बाप म्हणून मला लेकीचं बघावं लागतं. तिच्यासाठीच केलं सगळं."

"मला विचारलंत का कधी?" लेक म्हणाली. मग तिलाच तिचं बोलणं पटलं नसावं. खाली बघत म्हणाली, "विचारलं नाही कुणी, पण कामावर जाताना कडी मीच लावत होते, बाबा. रोज. तुम्हाला जिने चढवत नाहीत म्हणून."

"वेडी झालीस का?" आत्या म्हणाली. "होकार तोंडाशी आलाय."

"मग त्यांना मीच फोन करते. आजारी आई आहे म्हणून सांगते. तिला कोंडून ठेवतो, हे सांगायची वेळ येण्याआधी सांगते."

ती पुढे झाली आणि सगळ्या तिच्या मागून जिना चढल्या. दाराला बाहेरून कडी होती. आत पलंग, खुर्ची, तिरक्या रेघांच्या कागदांचा गठ्ठा. खिडकीच्या काचांना तपकिरी कागद डकवलेला, रस्त्यावरून आत दिसू नये म्हणून. खालच्या कोपऱ्यात दोन बोटं जातील एवढा तो खरवडून काढला होता. गाठबाई त्या भोकाला डोळा लावून उभी होती.

खळवालीने त्या कागदाला हात लावला. इतका घट्ट चिकटवलेला कागद एकाच खळीने बसतो, ती खळ तिची होती. हेडक्लार्क वाटीभर मागून घेऊन गेला होता. कशाला हवी, हे तिने विचारलं नव्हतं. तिला विचारायचंच नव्हतं.

गाठबाई वळली. एकेका चेहऱ्यावरून तिची नजर फिरली. ओळख कुठे पटली असं दिसलं नाही.

"इतके दिवस कुणीच आलं नाही," ती म्हणाली. तक्रारीच्या सुरात नव्हे. खिडकीतून जे दिसलं ते सांगावं तसं.

त्या दिवशी दहाव्या खुर्चीवरची रिळं उचलली गेली आणि गाठबाई तिथे परत बसू लागली. मालकाने आढेवेढे घेतले. पुस्तकांत पानं मागेपुढे झाली तर गिऱ्हाईक कुणाला धरेल, असं त्याचं म्हणणं. "तिला नोंदवह्या द्या," चष्मेवाली म्हणाली. "कोऱ्या वहीत कुठलं पान चुकीचं असतं?" मालकाने नोंदवह्यांचा गठ्ठा दहाव्या खुर्चीकडे सरकवला. लेकीने फोन केला त्या घरचे लोक विचार करून कळवतो म्हणाले, अजून कळवताहेत. आत्या आपल्या घरी गेली. हेडक्लार्क रोज दुपारी बायकोला न्यायला येतो. पहिले काही दिवस तो शटरच्या बाहेर उभा राहायचा. मग एकदा चष्मेवालीने त्याच्या हातात घड्या घालायची पट्टी दिली. त्याच्या घड्या वाकड्या येतात. बायका त्या त्याच्यासमोरच उलगडून पुन्हा घालतात, आणि तो पुढचा कागद ओढतो.

गोष्ट गल्लीत पसरली तेव्हा लोक हसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. एक दिवस औषधाच्या दुकानातला कंपाउंडर आला, दारात घुटमळला. त्याचा थोरला भाऊ चार वर्षं मागच्या खोलीत होता. "त्याला घडी घालता येईल का, माहीत नाही," तो म्हणाला. "आम्हालाही पहिल्या दिवशी येत नव्हती," त्याला सांगण्यात आलं. मग एका शिक्षिकेला तिचा मुलगा घेऊन आला. मग आणखी एक जण. आता बुधवारी दुसरं टेबल मांडावं लागतं. त्या टेबलावर घरची माणसंही बसतात, आणि आपल्या घरात काय चालतं ते हळू आवाजात एकमेकांना सांगतात. इतक्या जवळ इतकी बंद दारं होती. आपण सगळे त्यांच्यासमोरून रोज चालत जात होतो, आणि चौकशी केली असती तर कुणी अडवलं नसतं.

गाठबाई बरी झालेली नाही. ते या आजारात होत नाही. आधी मैत्रिणींची नावं गेली, मग नवऱ्याचं, मग लेकीला ती ताई म्हणू लागली. हातातली गाठ आहे. आणि आणखी एक गोष्ट आहे. रोज दहाला ती खुर्चीत बसते, दोऱ्याला मेण लावते, आणि मान वर करून विचारते, "तुम्ही कुणीच का आला नाहीत?"

सुरुवातीला खळवाली म्हणायची, "कामात होतो गं." गाठबाई मान हलवायची आणि दिवसभर सुईकडे बघत राहायची, टाका न घालता. आठवड्याने खळवालीला खोटं बोलवेना. ती तिच्या शेजारी जाऊन बसली.

"तू मला सांगून ठेवलं होतंस, न्यायला ये म्हणून," ती म्हणाली. "मी हो म्हटलं होतं. तू कुठे आहेस तेही मला माहीत होतं. मी आले नाही. मला सोपं पडलं ते."

गाठबाईने हातातलं मेण खाली ठेवलं.

"असं करू नये," ती म्हणाली.

"नाही. करू नये."

"बरं." आणि तिने सुई पुढे केली. "ओवून दे. मला दिसत नाही."

त्या दिवशी तिने सहा वह्या शिवल्या. खळवालीला वाटलं, झालं, सुटले. दुसऱ्या दिवशी दहाला गाठबाईने मेण लावलं, मान वर केली आणि तोच प्रश्न विचारला, पहिल्यांदाच विचारावा तसा. तिने दिलेली माफी तिच्यापाशी रात्रभरही टिकली नव्हती.

याला आता वर्ष होईल. आज सकाळीही तिने विचारलं. खळवालीने पळी बाजूला ठेवली, हात पुसले, खुर्ची ओढून घेतली आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.