गुळाचं रक्त

राजेहो, मंगळवारी आमच्या नर्सिंग कॉलेजची प्रॅक्टिकल होती. त्यात मी पुन्हा नापास झाली असती ना, तं बाबा मले डायरेक्ट परतवाड्याले फुलांच्या दुकानावर बसवणार होते. हार ओवत बस म्हणे!

प्रॅक्टिकल काय, तं खोटा अपघात. शाळेची बस पलटली असं समजायचं. मैदानात वस्तीतले पोट्टे झोपवले, प्रत्येकाले खोटी जखम, अन् आपण धावत जाऊन ठरवायचं कोणाले किती लागलं. थोडं लागलं तं हिरवी रिबिन, जास्त तं पिवळी, जीवावर बेतलं तं लाल. गेला त्याले काळी. अन् लालवाल्याले अँबुलन्समधून चक्कर!

रक्त बनवायचं काम माह्याकडे. म्हटलं, रंगानं लेकरायले खाज सुटंल, म्हणून गुळाचा पाक केला अन् त्यात मिठाईचा लाल रंग टाकला. लय हुशार मी!

शिट्टी वाजली, मी पळत गेली, तं पेशंट जखमा चाटून राहिले! ज्याचं डोकं फुटलं होतं, तो शेजारच्याचा मोडका पाय चाटत होता. मी ओरडली, "अबे, जखमा संपवू नका ना!"

मंग आल्या मुंग्या. पोट्टे खरोखरचे बोंबलाले लागले. मले वर्गातलं आठवलं, रडते त्याचा श्वास चालू हाय, चूप हाय त्याले आधी पाहा. चूप एकच होता, फुरकान. नाकावर मुंग्या, तरी हालेना. हाक मारली, चिमटा काढला, काहीच नाई. खरंच काही झालं का याले? लाल रिबिन बांधली, तोंडाजवळ कान नेला, तं हळूच म्हणे, "दीदी, मैं बेहोश हूं. बात मत करो, मॅडम देख रही."

मार्क देणाऱ्या पौर्णिमा मॅडम आल्याच. अन् मुंगी गेली फुरकानच्या नाकात. आऽऽक्छी!

"रागिणी," मॅडम म्हणाल्या, "बेशुद्ध पेशंट शिंकला."

माह्या डोळ्यापुढं झेंडूचे ढीग! तोंडातून निघालं, "सुधारला मॅडम! पुन्हा तपासते." श्वास पाहिला, नाडी पाहिली, नाव विचारलं, अन् लाल सोडून पिवळी बांधली.

मॅडम हसल्या. "पास. एकदा रिबिन बांधली की सगळे पेशंटले विसरतात. तू परत पाहिलं."

मी उडी मारणार, तेवढ्यात फुरकाननं भोकाड पसरलं. "पीली नहीं चाहिए! गाडी में बैठना है!" अन् डोळे मिटून पुन्हा आडवा. "लो, मैं मर गया."

"मेलेल्याले काळी लागते बाप्पा."

त्यानं एक डोळा उघडला. "काली वाले को गाडी मिलती क्या?"