हळदीच्या खांबावरची काडी

ताटाळ्यातलं एक ताट घसरलं, खण्णकन. निजलेली माझी लेक ओवी कुशीवर वळली, पण उठली नाही. दुपारचा हा एवढाच काय तो माझा वेळ. मी पुन्हा संगणकाकडे वळले.

सांगलीच्या एका बियाणेवाल्यांचे तक्ते मी साताऱ्यात घरी बसून करते. सकाळच्या एसटीने फ्लॉपी जाते. यंदा हळदीचं नवं बेणं आणि जुनं बेणं, गावोगावच्या एकरी उताऱ्याच्या सरासरीचे उभे खांब काढायचे होते. प्रत्येक खांबाच्या डोक्यावर काडी असते, एरर बार. सरासरीच्या वर-खाली उतारा कुठवर गेला, ते ती दाखवते. "सगळ्यांना दोनच टाका वहिनी, टापटीप दिसतं," असं तिथले साहेब म्हणाले होते. म्हणून तक्ता काढणाऱ्या कोडात 'अमाउंट'पुढे, म्हणजे काडीच्या लांबीला, मी सरसकट दोन लिहिलं होतं. सगळ्या काड्या सारख्या, आखूड, शहाण्या.

त्याच तक्त्याचा छापील कागद गेल्या महिन्यात आईला दाखवला. पोरीनं काढलंय म्हणून तिनं शेजारच्यांनाही दाखवला.

मला चैन पडेना. आज दोन खोडलं. ज्या त्या बेण्याच्या उताऱ्यातला खरा फरक कोडातून त्या त्या काडीला दिला आणि चालवलं. जुन्या बेण्याची काडी बोटभर. नव्याची मात्र वर छताला, खाली जुन्याच्याही खाली. कुठं दुप्पट हळद, कुठं सगळी कुजलेली.

फोन वाजला. मी झडप घातली.

"तायडे, लवकर बोल, मीटर पळतंय," आई तासगावच्या बूथवरून. "बेणं न्यायला हरिबा टेम्पो घिऊन आलाय. जुनं बेणं समदं दिऊन टाकती. अक्षयतृतीयेला नवंच लावायचं."

"आई, थांब. काड्या चुकल्या होत्या."

"नव्याचा खांब उंच हाय न्हवं?"

"उंच आहे गं. पण तो सगळ्यांचा मिळून उंच."

"म्हंजी?" तिच्या सासूच्या हातचं बेणं ते, दरसाल पाल्याखाली सावलीत झाकून जपलेलं. एकदा गेलं की गेलं. "आगं, नीट सांग की. दिऊ का नगं?"

"जरा वेळ थांबव त्याला. मी बघते."

"दोनदा च्या पाजलाय. तिसऱ्यांदा न्हाई प्यायचा त्यो. परत फोन करती."

रिसीव्हर ठेवला. आकडे पुन्हा पाहिले. बरोबर होते. आईच्या रानासारखं रान त्यात एकही नव्हतं.

ओवी डोळे चोळत आली, मांडीवर चढली. पडद्यावरच्या लांब काडीवर तिनं बोट फिरवलं.

"ही एवढी मोठी का?"

"कुणाकडे खूप हळद आली, कुणाकडे थोडीच."

फोन पुन्हा वाजू लागला.

"मग आई," तिचं बोट काडीच्या मधोमध थांबलं, "आजीकडे वरचं टोक येणार की खालचं?"